साध्य, याप्य आणि असाध्य

चेन्नई सेंट्रलहून अरकोणमकडे जाणाऱ्या लोकल गाडीने निघाले म्हणजे वाटेत आवडी नावाचे स्थानक लागते. मराठी माणसाला हे नाव ऐकताच गोड वाटते, कारण आपल्या भाषेत आवड म्हणजे प्रेम. या गावाची ओळख दोन गोष्टींसाठी आहे. जानेवारी १९५५ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. पुढे १९६५ साली येथील अवजड वाहनांच्या कारखान्यातून पहिला 'विजयंता' रणगाडा बाहेर पडला. सैन्यातील आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबेही या बाजूला येऊन राहिली आहेत.

श्रोतेहो, या आवडीतील दोन शेजारच्या घरांची आपण कल्पना करू या. एका घरात सहा वर्षांच्या मुलीला ताप येतो, अंगावर निळसर डाग उठतात आणि रक्ताची तपासणी केल्यावर डॉक्टर सांगतात की हा कर्करोग आहे. दुसऱ्या घरात पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांचे वजन उतरू लागते, डोळे पिवळे पडतात आणि त्यांच्याही कागदावर तोच शब्द लिहिला जातो. दोन्ही घरांवर सारखीच अवकळा पसरते. येणारेजाणारे सारख्याच दबलेल्या आवाजात बोलू लागतात. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने या दोन घरांवर आलेली संकटे एक नव्हेत. त्या मुलीचा रोग नीट उपचार मिळाल्यास बहुधा बरा होतो. त्या गृहस्थांचा रोग स्वादुपिंडाचा असल्यास तो बरा होण्याची आशा फार थोडी असते. नाव एकच असताना दैव इतके निराळे का असावे, आणि ते नेहमी असेच होते काय, या प्रश्नांचा इतिहासाच्या अंगाने थोडा मागोवा घेण्याचा आज विचार आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. सुश्रुताने 'अर्बुद' या नावाखाली मांसल, खोल रुजणाऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले आहे. ग्रीसमधील हिपोक्राटिसच्या परंपरेने अशाच गाठींना खेकड्याचे नाव दिले आणि तोच खेकडा आपल्या 'कर्क' या शब्दात येऊन बसला. परंतु आजच्या विषयाला अधिक उपयोगी पडेल असा विचार चरकाने मांडला आहे. रोगी हाती घेण्यापूर्वी वैद्याने रोगाचा वर्ग ओळखावा, असे त्याचे सांगणे. काही रोग सुखसाध्य, म्हणजे सहज बरे होणारे. काही कृच्छ्रसाध्य, म्हणजे कष्टाने बरे होणारे. काही याप्य, म्हणजे जात नाहीत पण उपचार चालू असेतो आवरून धरता येतात. आणि काही अनुपक्रम, म्हणजे ज्यांवर उपाय चालतच नाही असे. याप्य रोगाचे स्पष्टीकरण करताना सुश्रुताने पडू घातलेल्या घराला लावलेल्या टेकूचा दृष्टान्त दिला आहे. टेकू आहे तोवर घर उभे आहे.

हे चार कप्पे मनात ठेवले की कर्करोगाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास ध्यानात येणे सोपे जाते. तो इतिहास म्हणजे एकेका रोगाने एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात केलेले स्थलांतर होय. सगळे रोग एकदम हलले नाहीत. काही झपाट्याने हलले, काही रेंगाळत हलले, तर काही अजून जागच्या जागी आहेत.

या स्थलांतराचे एक महत्त्वाचे ठिकाण आवडीहून २५-३० किलोमीटरवर, त्याच शहराच्या दक्षिण टोकाला आहे. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून १९१२ साली पदवी घेतलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या धाकट्या बहिणीला कर्करोग झाला आणि १९२३ साली ती त्यातच गेली. स्वतः डॉक्टर असून आपण काही करू शकलो नाही, ही खंत त्यांच्या मनात राहिली. देवदासी प्रथेविरुद्धचा लढा, विधिमंडळातील काम, निराधार मुलींसाठी 'अव्वै होम' ही सारी कामे करीत असताना त्यांनी कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालयाचा ध्यास सोडला नाही. तथापि त्या वेळी सर्वत्र एकच उत्तर मिळे. कर्करोग झालेला माणूस मरणारच, मग त्याच्यासाठी निराळे रुग्णालय कशाला? म्हणजे कर्करोग हा सबंधच्या सबंध अनुपक्रमाच्या कप्प्यात टाकलेला होता. अखेर विमेन्स इंडियन असोसिएशनच्या साहाय्याने वर्गणी जमली. ऑक्टोबर १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८ जून १९५४ रोजी अड्यार येथे १२ खाटांचे रुग्णालय साध्या झोपडीवजा इमारतीत सुरू झाले. आवडीचे अधिवेशन भरले ते यानंतर अवघ्या सात महिन्यांनी.

मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. एस. कृष्णमूर्ती यांनी या संस्थेची धुरा वाहिली आणि १९५५ साली डॉ. व्ही. शांता त्यांच्या जोडीला आल्या. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या कुटुंबातील या विदुषीने २०२१ साली देह ठेवीपर्यंत, पासष्टाहून अधिक वर्षे, या एका संस्थेत काम केले.

मुंबईला हा विचार थोडा अगोदर रुजला होता. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या आणि त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. दोन्ही रुग्णालयांच्या मुळाशी घरातील एकेका स्त्रीचे मरण आहे, ही गोष्ट लक्षात राहते.

टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. कर्करोग कोठे आणि का होतो, हे पाहताना त्यांनी आपल्या देशातील चालीरीतींकडे बारकाईने लक्ष दिले. काश्मिरात कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना पोटाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे पूर्वीच ठाऊक होते. खानोलकरांनी धोतराच्या गाठीमुळे कमरेवर होणारा कर्करोग, चुट्ट्यामुळे टाळूला होणारा कर्करोग आणि खैनीमुळे ओठाच्या आत होणारा कर्करोग यांचे वर्णन १९४५ साली केले. आपल्या देशातील फार मोठ्या संख्येच्या रुग्णांचा कर्करोग तोंडात, आरशात दिसेल अशा जागी होतो, हे त्या काळापासून स्पष्ट आहे. दिसणारी गाठ लवकर सापडावी आणि लवकर सापडलेली बरी व्हावी, असा साधा तर्क आहे. तरीही तोंडाच्या कर्करोगाने आपल्याकडे हजारो माणसे मरतात, कारण ती उशिरा येतात. तेव्हा रोगाची साध्यासाध्यता केवळ रोगाच्या स्वभावावर ठरत नाही, ही गोष्ट आपण आत्ताच बाजूला टिपून ठेवू. तिच्याकडे शेवटी परत यावयाचे आहे.

आरंभी वैद्यांच्या हाती दोनच शस्त्रे होती, सुरी आणि किरण. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले, १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम. अड्यारला १९५७ साली कोबाल्ट-६० चे यंत्र आले. या दोन्ही शस्त्रांची मर्यादा एकच. रोग एका जागी असेल तरच ती चालतात. गर्भाशयाच्या मुखावरील रोग जागेवर असताना रेडियमने बरा होई. त्वचेचा होई. परंतु पेशी रक्तातून किंवा लसिकेतून दूरच्या अवयवात जाऊन रुजल्या की सुरी कोणत्या जागी चालवावी आणि किरण कोठे टाकावेत, हाच प्रश्न पडे. रक्ताच्या कर्करोगाला तर जागाच नसते. तो पहिल्या दिवसापासून सर्वांगात असतो. म्हणून १९४७ सालापर्यंत मुलांचा तीव्र रक्तकर्करोग हा असाध्यांतला असाध्य मानला जाई. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मूल जाई.

या कप्प्याला पहिली फट पाडण्याच्या कामात मद्रासमध्येच शिकलेल्या एका माणसाचा मोठा वाटा होता. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ सालचा, भीमावरमचा. त्यांचे दोघे भाऊ संग्रहणीसारख्या आजाराने गेले. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात ते खादी घालीत म्हणून त्यांना पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाचे प्रशस्तिपत्र मिळाले, असे सांगतात. काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात शिकवले आणि १९२३ साली ते बॉस्टनला गेले. पुढे लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आले की हे आम्ल रक्तकर्करोगाच्या मुलांना दिले तर रोग उलट भडकतो. ज्याने रोग वाढतो त्याचा विरोधी पदार्थ दिला तर रोग हटेल काय? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने असे विरोधी पदार्थ बनवून दिले. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १० मुलांमध्ये रोग काही काळ मागे हटला होता. तो परत आला हे खरे. परंतु सर्वांगात पसरलेला कर्करोग औषधाने हलतो, हे तेथे प्रथम दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

यानंतरची कथा चिकाटीची आहे. एक औषध दिले की रोग हटे आणि परत येई. मग डॉक्टरांनी निरनिराळ्या वाटांनी मारा करणारी औषधे एकत्र देण्यास आरंभ केला. त्यांतले एक औषध, व्हिंक्रिस्टीन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळाले. तामिळ घरांतून हिला नित्यकल्याणी म्हणतात आणि तामिळनाडूत तिची लागवडही होते. १९६२ साली उघडलेल्या अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी औषधांच्या जोडीला मेंदूकडे दडून बसणाऱ्या पेशींवरही उपचार केले आणि १९७० च्या सुमारास निम्मी मुले बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत यांपैकी सुमारे ९० टक्के मुले वाचतात. आपल्याकडे अड्यार येथे १९६० साली मुलांसाठी वेगळा विभाग सुरू झाला आणि १९८० नंतरच्या दशकात अड्यार, टाटा रुग्णालय व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी एकच उपचारपद्धती ठरवून वापरल्यावर पूर्वीच्या मानाने कितीतरी अधिक मुले बरी होऊ लागली. आवडीच्या त्या पहिल्या घरातल्या मुलीची आशा येथून येते.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. जे कर्करोग सर्वांत वेगाने मारीत, त्यांपैकीच काही प्रथम साध्य झाले. याचे कारण असे की ही औषधे भराभर दुभंगणाऱ्या पेशींवर आघात करतात. जो रोग धावतो तो त्यांच्या तडाख्यात सापडतो, आणि जो संथ चालतो तो निसटतो. गरोदरपणानंतर वारेच्या पेशींतून उद्भवणारा एक दुर्मीळ कर्करोग असाच तरुण स्त्रियांना काही महिन्यांत नेत असे. १९५६ साली मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी सुब्बारावांच्याच औषधकुलातील मेथोट्रेक्सेट देऊन तो बरा केला. गाठीच्या रूपातील पसरलेला कर्करोग केवळ औषधाने बरा झाल्याचे हे पहिले उदाहरण. तरुणांच्या वृषणाचा कर्करोग १९७० नंतरच्या दशकात सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधाने, पसरलेला असतानाही, बरा होऊ लागला. १८३२ साली टॉमस हॉजकिन यांनी वर्णिलेला लसिकाग्रंथींचा रोग आधी किरणांनी आणि मग औषधांच्या संयोगाने साध्य झाला.

काही ग्रंथींचा मूळ स्वभावच वैद्याला मदत करतो. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. तिच्या कर्करोगाच्या पेशींतही ही सवय पुष्कळदा उरलेली असते. त्यामुळे किरणोत्सर्गी आयोडीन पाजले की ते शरीरात दूरवर गेलेल्या पेशींनाही हुडकून मारते. शिवाय ही ग्रंथी काढून टाकली तरी रोजची एक गोळी तिचे काम करते. अवयव काढून टाकता येतो की नाही, हाही साध्यासाध्यतेचा एक मोठा निकष आहे. गर्भाशय काढता येते, वृषण काढता येते. मेंदू काढता येत नाही.

स्तनाचा कर्करोग कृच्छ्रसाध्य वर्गाचे चांगले उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हॉलस्टेडने स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकदम काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितके अधिक कापावे तितका रोग मुळातून जाईल, ही त्यामागील श्रद्धा. पाऊणशे वर्षे स्त्रियांनी ते सोसले. पुढे पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी काळजीपूर्वक तुलना करून दाखवले की लहान शस्त्रक्रिया व किरण यांनी तितक्याच स्त्रिया वाचतात. कारण रोग पसरलेला असेल तर तो सुरीच्या टप्प्यापलीकडे आधीच गेलेला असतो. मग शस्त्रक्रियेनंतर औषधे आणि संप्रेरकविरोधी गोळ्या देण्याची पद्धत आली. जाणता वैद्य कधी कमी करूनही अधिक साधतो, असा हा धडा होता.

आता याप्य रोगाकडे येऊ. रक्ताचा एक सावकाश वाढणारा कर्करोग आहे. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या रोगाच्या पेशींत एक विचित्र आखूड गुणसूत्र दिसले. बहुतेक कर्करोगांत पेशीची पुष्कळ चाके बिघडलेली असतात. येथे मुख्यतः एकच बिघडलेले होते. ते चाक अडवणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ साली आली. ती रोज घेत राहिले की बहुसंख्य रुग्ण जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगतात. बहुतेकांची गोळी मात्र सुटत नाही. सुश्रुताचा टेकू तो हाच.

पण टेकू विकत घ्यावा लागतो. मूळ कंपनीच्या गोळीची किंमत आपल्याकडे महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये होती. भारतीय कंपन्यांची तीच गोळी त्याच्या दशांशाहूनही कमी किमतीत मिळे. तिच्या पेटंटचा वाद याच चेन्नई शहरात रंगला. येथील पेटंट कार्यालयाने २००६ साली अर्ज फेटाळला, २००७ साली मद्रास उच्च न्यायालयाने कंपनीचे आव्हान नाकारले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारण्याचा निर्णय कायम केला. या वादात रुग्णांच्या बाजूने मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था उभी होती. एखादा रोग याप्य आहे की असाध्य, हे कधी कधी न्यायालयातही ठरते, ते असे.

आणि आवडीच्या त्या दुसऱ्या घराचे काय? स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे, मोठ्या रक्तवाहिन्यांना लगटून बसलेले असते. त्याची गाठ हाताला लागत नाही, फारशी दुखत नाही. डोळे पिवळे पडेतो ती बहुधा पसरलेली असते. १९३५ साली न्यूयॉर्कचे ॲलन व्हिपल यांनी तिच्यासाठी मोठी शस्त्रक्रिया वर्णिली, पण ती करण्याजोगे रुग्णच थोडे. अमेरिकेतील अलीकडच्या आकड्यांप्रमाणे थायरॉइडच्या कर्करोगाचे सुमारे ९८ टक्के, वृषणाच्या ९५ टक्के, स्तनाच्या ९१ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या ६५ टक्के रुग्ण निदानानंतर पाच वर्षे जगतात. फुप्फुसाच्या बाबतीत हा आकडा चतुर्थांशाच्या आसपास येतो आणि स्वादुपिंडाच्या बाबतीत १३ टक्क्यांवर. इतकी तफावत ज्या शब्दाच्या पोटात मावते, तो शब्द एका रोगाचे नाव कसा म्हणावा?

फुप्फुसाची कथा तर वेगळाच बोध देते. १९३३ साली सेंट लुइसच्या एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस काढून टाकले आणि तो रुग्ण, जो स्वतः डॉक्टर होता, पुढे अनेक वर्षे जगला. धूम्रपानाचे व्यसन असलेले ग्रॅहॅम स्वतः मात्र १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. तोपर्यंत, १९५० साली, डॉल आणि हिल यांनी इंग्लंडात, तसेच विंडर आणि खुद्द ग्रॅहॅम यांनी अमेरिकेत, सिगारेटचा दोष दाखवून दिला होता. ज्या रोगाला औषध अपुरे पडते, त्याला पुष्कळदा प्रतिबंध पुरतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तर ही गोष्ट महाराष्ट्रातच सिद्ध केली. हा रोग होण्याआधी दहा-पंधरा वर्षे पेशींत बदल होत असतात. तेवढ्या अवधीत तो पकडला तर सुखसाध्य, उशीर केला तर असाध्य. चारही कप्पे या एकाच रोगात आहेत. १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी त्याचे मूळ एका विषाणूत असल्याचे दाखवले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. तेथील नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि टाटा रुग्णालय यांच्या सहकार्याने, आता धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास हाती घेण्यात आला. २००९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आयुष्यात केवळ एकदा विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, तर नेहमीच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या, जवळजवळ तेवढ्याच गटात ६४. ज्या गटाची तपासणी केली नाही त्याच्यावर अन्याय झाला, अशी टीका या अभ्यासावर पुढे झाली आणि ती विसरता येणार नाही. त्या ६४ जणींचे ऋण आपल्यावर आहे. ते फेडण्याचा मार्ग एकच. जे कळले ते प्रत्येक गावापर्यंत पोचवणे. या विषाणूवरील लस २००६ साली जगात आली आणि पुण्यात तयार झालेली भारतीय लस २०२३ साली बाजारात आली.

येथे आकड्यांविषयी एक सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. पाच वर्षे जगणे आणि बरे होणे एक नव्हे. शिवाय रोग लवकर हुडकला की जगण्याची वर्षे केवळ कागदावरही वाढतात. दक्षिण कोरियात गळ्याची सरसकट तपासणी सुरू झाली आणि २०११ सालापर्यंत थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यू मात्र पूर्वीइतकेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर कोणास त्रास दिला नसता, त्याही शस्त्रक्रियेच्या मेजावर आल्या. म्हणून प्रत्येक लवकर शोध वरदान ठरत नाही. कोणत्या रोगात लवकर शोधाने जीव वाचतो, हे रोगागणिक तपासावे लागते.

आता आपण बाजूला टिपून ठेवलेली गोष्ट उचलू. २०१० ते २०१४ या काळातील जागतिक तुलनेत स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया अमेरिकेत सुमारे ९० टक्के होत्या, भारतात सुमारे ६६. रोग तोच, औषधे बहुतांशी तीच. मग हा फरक कोठून आला? तो गाठ लागूनही लाजेने लपवण्यातून आला, भीतीने भगतांकडे फिरण्यातून आला, रुग्णालयाच्या अंतरातून आला, मध्येच पैसे संपून उपचार सोडण्यातून आला. आणि काही अंशी तो त्या जुन्या समजुतीतून आला, जी मुथुलक्ष्मींना तोंडावर ऐकावी लागली होती, की कर्करोग म्हणजे मरण. ही समजूत स्वतःला खरी करून दाखवते. मरणारच म्हणून माणूस उशिरा येतो. उशिरा येतो म्हणून मरतो. आणि त्याच्या मरणाने पाहणाऱ्याची समजूत अधिक पक्की होते.

याउलट, सर्व कर्करोग आता बरे होतात, असे म्हणणेही तितकेच अप्रामाणिक. आवडीच्या दुसऱ्या घराला खोटी आशा देऊन त्यांची शेते विकायला लावणे हा धर्म नव्हे. तेथे वेदना शमवणे, सत्य सौम्यपणे सांगणे आणि उरलेले दिवस घरच्यांच्या सहवासात जाऊ देणे, हाच खरा उपचार. चरकाने असाध्य रोग ओळखण्यास सांगितले ते काही रुग्णाला वाऱ्यावर सोडण्यासाठी नव्हे. ज्याला जे लागेल ते त्याला मिळावे, यासाठी आपणही ही पारख केली पाहिजे.

तेव्हा कोणाच्या घरी हा शब्द आला तर पहिला प्रश्न 'आता किती दिवस' असा विचारू नये. कोणता कर्करोग, कोठला, किती पसरलेला आणि त्यावर काय करता येते, हे विचारावे. त्या उत्तरावर पुढचा सगळा मार्ग अवलंबून आहे.

आवडीला १९५५ साली जो ठराव झाला, त्यात समाजातील विषमता कमी करण्याचे अभिवचन होते. स्वादुपिंड आणि थायरॉइड यांच्यातील विषमता कोणत्याही ठरावाने मिटणार नाही. तिच्याशी प्रयोगशाळेतच झुंजावे लागेल. परंतु धाराशिवची शेतमजूर स्त्री आणि परळला राहणारी स्त्री, आवडीच्या कामगाराची मुलगी आणि बॉस्टनची मुलगी यांच्या आयुष्यमानातील जी विषमता आहे, ती निसर्गाने घातलेली नाही. अड्यारच्या त्या १२ खाटा तीच कमी करण्यासाठी मांडल्या गेल्या होत्या. तो ठराव अजून पुरा व्हावयाचा आहे.